उधारीची वही

बुधवारी आमच्या घरात दोन स्टोव्ह पेटायचे. एक चहाचा, एक सुयांचा.

बुधवार हा आमच्या गावच्या बाजाराचा दिवस. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, पांढरकवड्याच्या बाजूचं, हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यापासून सात किलोमीटर आत. आजूबाजूच्या दहा-बारा गावांतून आणि कोलाम आदिवासींच्या पोडांवरून, म्हणजे वस्त्यांवरून, माणसं पायी नाहीतर बंडीनं यायची. मीठ-मिरची, तंबाखू घेऊन झालं की आमच्या ओसरीत येऊन बसायची. बाबा कंपाउंडर होते. तालुक्याच्या एका डॉक्टरांकडे त्यांनी अकरा वर्षं काढली, पुड्या बांधल्या, मिक्स्चर ढवळलं, सुया उकळल्या, आणि १९७४ साली गावात येऊन स्वतःचं बस्तान मांडलं. डिग्री नव्हती. पाटीही नव्हती. पण रात्री दोन वाजता कंदील घेऊन निघणारा पंचक्रोशीत तोच एक माणूस, म्हणून लोक त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत, आणि आम्हा भावंडांना 'साहेबाची पोट्टी'.

त्यांच्याकडे सहा काचेच्या पिचकाऱ्या होत्या आणि डझनभर सुया. स्टीलच्या लांबट डब्यात पाणी उकळायला लागलं की काच काचेवर हलकी आपटत राहायची. तो किणकिण आवाज ऐकत मी पाढे पाठ केले. सुई बोथट झाली की बाबा संध्याकाळी ती धार लावायच्या दगडावर घासत. आत काही अडकलं तर बारीक तार घालून मोकळी करत. बोळ्याचा कापूस आमच्याच वावरातला. आणि स्पिरिटचा वास. शेणानं सारवलेल्या ओसरीत तो वास आला की लोकांना अर्धं बरं वाटायचं, असं माय अजूनही म्हणते.

सुई लोकांना आवडायची. हे आज सांगितलं तर शहरातली माणसं हसतात, पण त्यामागे हिशोब होता. कापूस वेचायच्या दिवसांत एक दिवस पडून राहणं म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. गोळी घेतली की उद्या-परवा बरं वाटणार, सुई घेतली की आजच. त्यातही कॅल्शियमची सुई शिरेत हळूहळू सोडली की सगळ्या अंगात ऊब पसरते. ती ऊब म्हणजे ताकद, अशी सगळ्यांची खात्री. लाल रंगाची बी-कॉम्प्लेक्सची सुई 'रक्ताची'. नुसत्या पुड्या बांधून दिल्या तर माणूस ओसरीतून उठायचाच नाही. "सल्ल्याचे पैसे कोणी देत नाही, सुईचे देतात," हे बाबांचं वाक्य. खरं म्हणजे सुईचेही सगळे देत नसत. त्यासाठी वही होती.

फार उशिरा, पन्नाशीला आल्यावर, मी बुधवारचं गणित मांडून पाहिलं. माणसं साठ, पिचकाऱ्या सहा. म्हणजे दहा घाणे. उकळी फुटल्यापासून वीस मिनिटं, हा नियम बाबांनीच मला शिकवला होता. दहा घाण्यांची दोनशे मिनिटं. बाजार दुपारी बारा ते चार, म्हणजे दोनशे चाळीस. कागदावर हे बसतं. ओसरीत बसत नाही. कारण त्याच हातांनी पेनिसिलिनची पावडर पाण्यात हलवायची होती, सुटे पैसे द्यायचे होते, मध्येच कोणी झटके आलेलं लेकरू घेऊन यायचं, आणि रॉकेल रेशनचं, महिनाभर पुरवायचं. पहिला घाणा वीस मिनिटं उकळायचा. दुसरा दहा. तीन वाजेपर्यंत सुया नुसत्या गरम पाण्यात बुडून निघायच्या. कधी फक्त सुई बदलायची, पिचकारी तीच राहायची. सुई निराळी घेतली ना, मग झालं, असं सगळेच समजत होते, तालुक्याचे शिकलेले डॉक्टरसुद्धा. पण पिचकारीवरून सुई काढताना रक्ताचा डोळ्याला न दिसणारा अंश पिचकारीत ओढला जातो, आणि एवढंसं रक्त एका विषाणूला पुरतं.

त्या विषाणूला तेव्हा नावही नव्हतं. रक्त चढवलेल्या माणसांचं लिव्हर पुढे सुजतं, पण तपासणीत ना काविळीचा 'ए' विषाणू सापडतो ना 'बी', म्हणून डॉक्टरी पुस्तकांत त्याला 'नॉन-ए, नॉन-बी' म्हणत. आपल्याकडे एखाद्या घरात पोराचं नाव लवकर ठरत नाही आणि तो 'बाळ्या'च राहतो, तसं. १९८९ मध्ये तो सापडला आणि 'हिपॅटायटिस सी' झाला. त्याचा माग काढणाऱ्या हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस या तिघांना २०२० चं नोबेल मिळालं. १९८९ साली बाबा गावात पंधरा वर्षं सुया टोचून चुकले होते.

जानेवारी २०२२ मध्ये माय मोतीबिंदूच्या एका शिबिरात गेली. जीपमधून बारा म्हाताऱ्या गेल्या, अकराजणींचं ऑपरेशन झालं. मायला बाजूला बसवलं आणि संध्याकाळी हातात चिठ्ठी दिली. वर लाल शाईनं गोल केलेलं: एचसीव्ही रिअॅक्टिव्ह. कशाचं काय, कोणी सांगितलं नाही. 'रक्तात दोष आहे, मोठ्या दवाखान्यात दाखवा,' एवढंच. (खरं तर समोरचा प्रत्येक रुग्ण असाच आहे असं धरूनच हत्यारं निर्जंतुक करायची असतात. तसं केलं तर एकीला परत पाठवायचं कारण उरत नाही. पण शिबिरातल्या घाईचा मला राग करता येत नाही, मी बाजाराच्या घाईवर वाढलेली आहे.)

संक्रांतीला मी वर्ध्याहून घरी गेले. मायनं माझ्या मुलाच्या हातावर तिळगूळ ठेवला नाही, डबा पुढे सरकवला. तिची ताटली, पेला, लोटा वेगळ्या फळीवर. दुपारी सगळे झोपल्यावर तिनं चिठ्ठी काढून दिली आणि विचारलं, "ते एड्स त नाई न होय?"

नाही, माय. ही कावीळ आहे. 'सी' नावाची.

"मले जिंदगीत कावीळ नाई झाली," ती ठामपणे म्हणाली. आणि ते खरं होतं.

इथे आपली भाषा आपल्याला दगा देते असं मला वाटतं. कावीळ म्हटलं की डोळे पिवळे, लघवी पिवळी. पावसाळ्यात दूषित पाण्यातून येणारी ए किंवा ई कावीळ अशी दिसते, आणि बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. या 'आपोआप'वर कितीकांचे संसार चालले. आमच्याकडे काविळीची माळ घालतात. वनस्पतीच्या काड्यांचे तुकडे अशा गाठींनी ओवलेले असतात की गाठी सैल होत जातात आणि माळ लांबते. ती गळ्यातून कमरेपर्यंत उतरली की कावीळ उतरली. दुसरीकडे आंब्याच्या सालीचं पाणी हाताला लावून चुन्याच्या पाण्यात धुवायला लावतात, पाणी पिवळं होतं, 'पाहा, निघाली'. ते सालीचं आणि चुन्याचं रसायन आहे, निरोग्याच्या हातातूनही निघेल. बरं, सी कावीळ यातलं काहीच दाखवत नाही. बहुतेकांना डोळ्यात पिवळा ठिपकाही येत नाही. थकवा येतो, पण आमच्याकडे थकवा हा आजार नाही. निंदण करून आलेल्या बाईला थकवा येणारच. वीस-तीस वर्षं हा विषाणू लिव्हरमध्ये भाडं न देता राहतो, आणि कळतो तो असा, मोतीबिंदूच्या शिबिरात.

मग घरातल्या सगळ्यांची तपासणी केली. मी, दोन्ही भाऊ, वहिन्या निगेटिव्ह. आमचा एक चुलतभाऊ मात्र मायसारखाच रिअॅक्टिव्ह निघाला. दादा तरुणपणी बाबांचा लाडका, दर महिन्याला ताकदीची सुई घेणारा, आणि संध्याकाळी देशी घेणारा. त्याची दुसरी तपासणी झाली, विषाणूच मोजणारी, आरएनएची. त्यात विषाणू सापडलाच नाही. पहिल्या तपासणीत दिसतात ते फक्त शरीरानं विषाणूशी लढताना तयार केलेले प्रतिपिंड, आणि ते जन्मभर रक्तात राहू शकतात, पोळा संपला तरी दाराला तोरण राहतं तसे. लागण झालेल्या शंभरातल्या साधारण तिसांचं शरीर सहा महिन्यांच्या आत विषाणूला स्वतःच हाकलून लावतं. दादा त्या तिसांतला. हे त्याला मी तीनदा समजावलं. तो गावभर सांगत सुटला की १९९१ मध्ये घातलेल्या माळेनं काम केलं. पार्टीही दिली. काय बोलणार?

माय उरलेल्या सत्तरांतली निघाली. विषाणू होता, भरपूर होता. प्लेटलेट कमी. सोनोग्राफीत लिव्हरचा काठ खडबडीत. नागपूरला ज्या मशीननं लिव्हर किती कडक झालंय ते मोजतात, तिथे कळलं की सिऱ्होसिस सुरू झाला आहे, पण अजून लिव्हर आपलं काम सांभाळून आहे. डॉक्टर तरुण होते, पुसदकडचे. त्यांनी मायला जे सांगितलं ते मी कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं. म्हणाले, "आजी, वावरातून रोज माणसं-ढोरं जाऊन जाऊन पायवाट कडक होते ना, पाणी मुरत नाही? तसं झालंय. मग पाणी काय करते?" माय म्हणाली, "धुऱ्यावरून वाट काढते." "बरोबर. तुमचं रक्तही तशी वाट काढते, अन्ननलिकेच्या शिरांमधून. त्या शिरा फुगल्या आणि फुटल्या की माणूस रक्ताची उलटी करतो. म्हणून एकदा दुर्बीण घालून पाहून घेऊ." शिरा फुगलेल्या निघाल्या, पण थोड्याच.

विषाणू राहिलेल्या सगळ्यांचं असं होत नाही. वीस वर्षांत शंभरातल्या पंधरा ते तीस जणांना सिऱ्होसिस होतो. बाकीचे त्याच्यासोबत म्हातारे होतात. कोण कुठल्या रांगेत, हे काही अंशी आपल्या हातात असतं. दारू ही सगळ्यांत मोठी ढकलणारी. त्याखालोखाल साखरेचा आजार, वाढलेलं वजन, लिव्हरवरची चरबी, आणि सोबत बी कावीळ किंवा एचआयव्ही. मायनं आयुष्यात दारूला हात लावला नाही, पण तिला साखर आहे. सी वर लस नाही, बी वर आहे. उपचाराआधी बी तपासतात, कारण सी जायला लागला की दबून बसलेला बी कधी कधी डोकं वर काढतो. मायचा बी निगेटिव्ह आला तेव्हा तिला त्याच दिवशी लसीची पहिली सुई दिली. तेवढ्यापुरती ती खूश झाली. दवाखान्यात आल्यासारखं वाटलं असेल.

कारण उपचार होता गोळ्यांचा. सोफोसबुविर आणि वेलपाटासविर, दोन्ही एकाच गोळीत, रोज एक, बारा आठवडे. सिऱ्होसिस नसता तर दुसरी जोडी, सोफोसबुविर-डॅक्लाटासविर, तीही बाराच आठवडे.

"चौऱ्याऐंशी गोळ्या," डॉक्टर म्हणाले.

"आन सुया?"

"सुई नाही, आजी."

"एवढ्याश्या गोळीनं का होते बाप्पा?" माय माझ्याकडे वळून म्हणाली. तिला खरंच वाटलं की गरिबाला आणि म्हाताऱ्याला टाळायचा हा प्रकार आहे. गंमत अशी की आधी या आजाराला सुयाच होत्या. इंटरफेरॉनच्या, सहा महिने ते वर्षभर, ताप आणणाऱ्या, केस गाळणाऱ्या, माणसाला उदास करणाऱ्या. लाखांत खर्च, आणि तरी कित्येकांचा विषाणू जायचाच नाही. या गोळ्यांनी शंभरातले पंचाण्णव बरे होतात. पण ज्या गावाला सुईनं वाढवलं, त्याला सुईनं आलेलं दुखणं गोळीनं जाईल यावर भरवसा कसा बसावा?

मग मी तिला किंमत सांगितली. तिला किंमत कळते. २०१३ च्या डिसेंबरात ही सोफोसबुविर अमेरिकेत मंजूर झाली तेव्हा एका गोळीचे हजार डॉलर होते, पूर्ण कोर्सचे चौऱ्याऐंशी हजार. तेव्हाच्या भावानं एक गोळी साठ हजारांच्या वर. मायनं मनात कापूस मोजला. २०२२ च्या त्या हंगामात कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता, तरीही सहा-सात क्विंटल म्हणजे एक गोळी. पुढे भारतातल्या कंपन्यांना ती बनवायचा परवाना मिळाला, २०१५ पासून इथल्या गोळ्या स्वस्त झाल्या, आणि २८ जुलै २०१८ ला केंद्र सरकारचा राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यापासून सरकारी केंद्रांत तपासणी आणि गोळ्या फुकट आहेत. मायनं गोळी तळहातावर घेऊन उलटीपालटी केली आणि देवघरात ठेवली. रोज दिवा लावल्यावर घ्यायची. कॅलेंडरवर रेघ मारायची.

एकच अडचण आली. रोज सकाळी गॅसची गोळी घ्यायची तिची वीस वर्षांची सवय. पोटातलं आम्ल कमी झालं तर वेलपाटासविर अंगाला नीट लागत नाही, म्हणून ती बंद. माय म्हणाली, "विषाणू जाईल तवा जाईल, मी गॅसनं जाईन." नाही गेली. होळीनंतरच्या आठवड्यात सुरू केलेल्या गोळ्या मृगात संपल्या. शेवटच्या गोळीनंतर बारा आठवडे थांबून पुन्हा रक्त तपासतात, तेव्हा विषाणू नसला तर बरं झालं म्हणायचं. पोळ्यानंतर दुसऱ्या आठवड्यात तो कागद आला. विषाणू नाही. ऑक्टोबरात डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या ठिकाणी, कुणीही काही न विचारता.

तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आहेच. विषाणू गेला, पण कडक झालेली पायवाट एका पावसात भुसभुशीत होत नाही, आणि सिऱ्होसिस झालेल्या लिव्हरमध्ये कॅन्सर उगवू शकतो. शिवाय एकदा बरं झालं म्हणजे कवच मिळालं असंही नाही. दूषित सुई पुन्हा टोचली तर पुन्हा होतो.

हे सगळं सुरू असताना गावानं एकच प्रश्न विचारला: कुठून आला? जेवणातून, पाण्यातून, खोकल्यातून, मिठी मारल्यानं, लेकराला पाजल्यानं हा येत नाही. तिची ताटली मी त्याच दिवशी फळीवरून खाली काढली होती. रक्ताला रक्त लागावं लागतं. वेगळं ठेवायचंच असेल तर ब्लेड, नेलकटर, दात घासायचा ब्रश. मग मायला कुठून?

मायचं उत्तर तयार होतं. १९८६ मध्ये धाकट्याच्या वेळी तिला खूप रक्त गेलं होतं आणि जिल्ह्याला दोन बाटल्या चढवल्या होत्या. रक्त विकत आणलेलं. तेव्हा दवाखान्याच्या आवारात रक्त विकणारी माणसं बसत. पैसे घेऊन रक्त देण्यावर सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली, आणि रक्तपेढ्यांत सी ची तपासणी सक्तीची झाली २००१-०२ च्या सुमारास. म्हणजे तिचं म्हणणं अगदी शक्य आहे.

पण १९७४ ते १९९६ या काळात दर पंधरा दिवसांनी तिनं बाबांच्या हातची लाल सुईही घेतली होती. बहुधा बाजार संपल्यावर. शेवटच्या घाण्यानंतर.

हे मी तिला एकदाच म्हणाले. ती बराच वेळ गहू निवडत राहिली. मग म्हणाली, "त्याइनं कोनाचं वाईट नाई केलं." मी म्हटलं नाहीच म्हणत आहे मी तसं. "मंग?" मला पुढे बोलता आलं नाही.

याचा निकाल लागणार नाही, लागायची गरजही नाही, हे मला इजिप्तची गोष्ट वाचल्यावर जरा समजलं. तिथे नाईलच्या काठावर शेतकऱ्यांना गोगलगायींमार्फत होणारा एक जंताचा आजार होता. १९५० पासून १९८० च्या दशकापर्यंत सरकारनं मोठ्या मोहिमा काढून लाखो लोकांना शिरेतून औषध दिलं. काचेच्या पिचकाऱ्या, रांगा, घाई. जंत कमी झाले आणि देश जगात सर्वांत जास्त सी कावीळ असलेला देश झाला. तिथे कंपाउंडर नव्हते. डिग्रीवाले डॉक्टर होते, सरकारी शिक्का होता. मग २०१८-१९ मध्ये त्याच देशानं वर्षभराच्या आत जवळपास पाच कोटी लोकांचं रक्त तपासलं, सापडतील त्यांना फुकट गोळ्या दिल्या, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांची पाठ थोपटली. चूक कुणाची, याच्या चौकशीत ते अडकून बसले नाहीत. ज्यांना ज्यांना सुया टोचल्या होत्या, त्यांना शोधत गेले.

शोधत गेले. हे वाचलं आणि मला वही आठवली.

बाबा २०११ मध्ये गेले. त्यांच्या उधारीच्या वह्या मायनं लाल फडक्यात बांधून धान्याच्या कोठीवर ठेवल्या होत्या. मी त्या उतरवल्या. नावं थोडी, ओळखी जास्त: 'चक्कीवाला, सुई १, २ रु.' 'तारवाल्याची सून, कॅल्शियम, ५ रु.' 'पोडावरचा म्हातारा, सुई २, ज्वारी देईन म्हणतो.' 'मास्तर, बाटली, बाकी.' पानामागून पान. १९७८, ८३, ९०. गावात कुणाकडून येणं आहे याची यादी म्हणून लिहिलेली ही वही, गावात कुणाला तपासायला हवं याची यादी होती.

"त्या मानसाची वही कायले काढून राह्यली आता?" माय दारात उभी होती. मी सांगितलं. ती चिडली. म्हणाली, लोक म्हणतील कंपाउंडरनं गावाले रोग लावला. मेलेल्या माणसाले उत्तर देता येते का? दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही, आणि तिचं चूक होतं असं मला आजही म्हणवत नाही. ज्या माणसानं पुरात पोहत जाऊन बाळंतिणीला सुई दिली, त्याची आठवण गावात त्या सुईसाठीच आहे.

गावातल्या आशा कार्यकर्तीला विचारलं. ती हुशार. म्हणाली, वहीचं नाव काढायचंच नाही. २००० च्या आधी ज्यांनी सुया घेतल्या, ज्यांना रक्त चढवलं, ऑपरेशन झालं, ज्यांनी जत्रेत एकाच सुईनं रांगेत बसून गोंदून घेतलं, ज्यांचं डायलिसिस चालू आहे, सिकलसेलची लेकरं ज्यांना वारंवार रक्त लागतं, सगळ्यांना बोलवायचं. कंपाउंडर कशाला हवा मध्ये? ते योग्यच होतं. तरी घरोघर जाताना कुणाचं दार आधी वाजवायचं, हे वहीच सांगत होती.

तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना माय एकदम म्हणाली, "वहीत त उधारीवालेच हायेत."

"हो."

"नगदवाल्याइचं काय?"

मला हे सुचलंच नव्हतं. ज्यांनी रोख पैसे दिले त्यांची नोंद कुठेच नव्हती. मायनं ताट सारलं आणि बोटं मोजत सुरुवात केली. पाटलाची थोरली. गिरणीतला मुनीम, आता पोराकडे अमरावतीले राह्यते. कुणबीपुऱ्यातली ती तिघी जावा, दर अमावास्येले यायच्या. पोडावरचा तो, ज्याच्या पायाले पट्टी राह्यची, त्याचे पैसे त्याइनं कधी घेतलेच नाई, म्हनून वहीत नाई. मी लिहीत गेले. रात्री साडेबारापर्यंत सव्वाशे माणसं झाली. त्यातली अर्धी आता फोटोत आहेत. त्यांतली किती पोटात पाणी होऊन गेली, हे तिनं मोजायला घेतलं आणि मध्येच थांबली.

तपासणी उपकेंद्रात ठेवली, बुधवारीच, म्हणजे लोक बाजाराला येतातच. बोटातून रक्ताचा थेंब, पट्टीवर रेघ, वीस मिनिटं. रिअॅक्टिव्ह निघेल त्याचं रक्त पुढे विषाणू मोजायला जाईल. माय सकाळपासून बाकावर, डोळ्याला काळा चष्मा लावून. येईल त्याला सांगायची, मले झालं होतं, गोळ्यानं गेलं. बाबांचं नाव तिनं काढलं नाही, लोकांनीही नाही. फक्त चक्कीवाला म्हणाला, "साहेब असते त रांग लावून देल्ली असती."

दुपारी पोडावरचा म्हातारा आला. वहीतला. ज्वारी देईन म्हणणारा. नातवानं मोटरसायकलवर आणला होता. बोट पुढे करायच्या आधी त्यानं हात मागे घेतला आणि नर्सबाईला म्हणाला, "पाकीट माह्यासमोर फोड." तिनं समोर फोडलं, टोचणी त्याला दाखवली. त्यानं ती जवळ नेऊन पाहिली, नातवालाही दाखवली. मग बोट दिलं. थेंब आला, पट्टीवर गेला, बोळा दाबला, झालं.

म्हातारा उठेना.

"झालं बाबा, बाहेर बसा," नर्सबाई म्हणाली.

"झालं?" त्यानं बोटाकडे पाहिलं, मग बाही कोपरापर्यंत वर सारली. "आलोच हाओ त एक ताकदीची सुई मारून दे."